एमएक्स-५ चं नवं हूड: एक वर्षानंतर, आणि मुख्यतः पन्हळीबद्दल

माझदाच्या एमएक्स-५ या दोन सीटच्या गाडीचं हूड, म्हणजे घडी होणारं छप्पर, गळतंय म्हणून बदलायला निघाला असाल, तर कापडाचा रंग ठरवण्याआधी फिटरला एकच विचारा: हुडाच्या मागच्या कडेखालची, पाणी वाहून नेणारी पन्हळ नवीन घालणार का जुनीच? इकडे इंग्लंडमध्ये तिला रेन रेल म्हणतात. मला हे आधी कुणीही सांगितलं नाही आणि त्यापायी गेला ऑक्टोबर ओल्या कार्पेटखाली वर्तमानपत्रं कोंबण्यात गेला. म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

गाडी २००३ ची, एनबी, म्हणजे दुसऱ्या पिढीची. आम्ही लीड्सला राहतो, गॅरेज नाही, त्यामुळे ती बारा महिने रस्त्यावर, सिकॅमोरच्या झाडाखाली उभी. जुनं हूड व्हाइनलचं होतं. घडीवर चिरलेलं, आधीच्या मालकाने चिरेवर काळी टेप मारलेली. ते बदलायचं होतंच, त्यात वाद नाही. गेल्या एप्रिलमध्ये मोहेअर नावाच्या कापडाचं नवीन बसवलं, मागे डिफॉगरवाली काच. फिटिंग धरून सातशे पौंडांच्या वर गेले. व्हाइनल घेतलं असतं तर दोनशे तरी वाचले असते, आणि ते दोनशे मला बरेच दिवस टोचत होते.

आता टोचत नाहीत. या कापडाला तीन थर असतात: वर अॅक्रिलिक, मध्ये ब्यूटाइल रबर, आत अस्तर. पाणी अडवतो तो मधला थर. एम६२ मोटरवेवर ट्रकच्या बाजूने जाताना पूर्वी बोलणं बंद करावं लागायचं, आता रेडिओ ऐकू येतो. पहिले काही आठवडे लॅच लावताना दोन्ही हातांचा जोर लागायचा, कारण नवं कापड ताणलेलं असतं. ऊन पडल्यावर हूड लावून गाडी तशीच ठेवली, हळूहळू ते बसलं. उन्हाळाभर मी सगळ्यांना हेच हूड घ्या म्हणून सांगत होते.

मग ऑक्टोबरची झड लागली. सकाळी दार उघडलं की कुबट वास, काचा आतून घामेजलेल्या, आणि सीटच्या मागचं कार्पेट दाबलं की बोटांमधून पाणी वर यायचं. त्या आठवड्यात मी या हूडला पाचपैकी दीड दिला असता. फिटरला फोन केला. त्याचं म्हणणं, "आम्ही होजने तपासून दिलंय, कापड गळत नाही. दाराचं बीडिंग, ती रबरी पट्टी, बघा." बीडिंग बघितलं, ठीक होतं. तरी सिलिकॉन ग्रीस लावलं. पाणी होतं तिथेच.

शेवटी एका रविवारी छडा लावायचा ठरवला. सीटमागचं कार्पेट उचलून खालच्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. मी आत टॉर्च घेऊन आडवी झाले आणि नवऱ्याने बाहेरून बागेच्या झारीने पाणी घातलं, आधी पुढच्या कडेवर, मग दारांवर, मग काचेवर. सगळं कोरडं. हूडची मागची कड जिथे बॉडीला मिळते तिथे झारी आली, आणि डाव्या सीटबेल्टच्या टॉवरमागून, म्हणजे सीटमागच्या बेल्टच्या उभ्या खांबामागून, एक बारीक धार पावडरमध्ये रेघ ओढत खाली उतरली. कापडाला, शिलाईला थेंब नाही. त्या क्षणी हूडवरचा राग गेला आणि तो योग्य ठिकाणी वळला.

कारण ही गाडी बनवतानाच गृहीत धरलंय की हूड आणि बॉडीच्या फटीतून पाणी आत जाणार. ते झेलायला हुडाच्या मागच्या कडेखाली प्लॅस्टिकची पन्हळ असते. ती पाणी दोन्ही टोकांना नेते, तिथून सीटबेल्टच्या टॉवरमागच्या भोकांतून नळीवाटे ते मागच्या चाकांच्या पुढे, गाडीखाली पडतं. वीस वर्षांत हे प्लॅस्टिक कडक होऊन वळणावर तडकतं. माझ्या गाडीत कौलं नवी घातली आणि फुटकी पन्हळ तशीच ठेवली. कोकणात कुठला शाकारणीवाला असं काम करून पैसे मागेल?

आणि पन्हळ बदलायची तर काम पुन्हा पहिल्यापासून: सीटमागचे १० नंबरच्या पान्याचे सगळे नट सोडायचे, दाबपट्ट्या काढायच्या, कड उचलायची. हूड बसवताना हे सगळं उघडंच असतं. तेव्हा पन्नासेक पौंडांचा पार्ट घालायला जास्तीची मजुरी जवळजवळ लागत नाही. ग्राहकाला न विचारता जुनीच पन्हळ परत लावणं हा निव्वळ कामचुकारपणा आहे. मी फोटो आणि व्हिडिओ जोडून मेल लिहिली. २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स अॅक्टप्रमाणे सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने द्यावी लागते, नाहीतर काम पुन्हा करून मागता येतं, हेही त्यात घातलं. पंधरवडा टोलवाटोलवी झाली. अखेर मजुरी त्याची आणि पार्ट माझा यावर मिटलं. पन्नास पौंडांसाठी आणखी भांडले असते, पण कार्पेट सडत होतं.

पन्हळ काढली तेव्हा मी तिथे उभी होते. डावीकडे वळणावर बोटभर चीर. नळीच्या तोंडाशी सिकॅमोरच्या पंखवाल्या बिया आणि काळा चिखल, इतका घट्ट की कप उलटला तर पाणी तसंच साचून राहावं. या गाड्यांच्या सिल, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्ट्या, आतून सडतात त्या अशाच. तुंबलेलं पाणी सिलमध्ये उतरतं, बाहेरून रंग चकचकीत, आणि एमओटीला, म्हणजे इकडच्या वार्षिक तपासणीला, सीटबेल्टच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कमकुवत करणारा गंज सापडला की गाडी नापास. वेल्डिंगचं बिल मग हुडाच्या बिलाला मागे टाकतं. आमची या एप्रिलमध्ये पास झाली, डाव्या सिलवर नुसता वरवरचा गंज निघाला.

नोव्हेंबरपासून आतापर्यंत गाडी कोरडी आहे, अख्खा यॉर्कशरचा हिवाळा काढून. हुडाला आज साडेचार. अर्धा कापला तो काचेच्या डाव्या कोपऱ्यातल्या शिलाईसाठी, तिथला दोरा सैल आहे आणि त्यावर माझं लक्ष आहे.

देखभाल फार नाही. प्रेशर वॉशर अजिबात नको, मऊ ब्रश आणि कापडी हुडाचा क्लीनर पुरतो, नंतर वॉटर रिपेलंट. ओलं हूड घडी करून ठेवू नका, बुरशी धरते. नळ्यांमध्ये काँप्रेसरची हवा मारू देऊ नका, नळी आतल्या आत निसटली तर पाणी सरळ गाडीत. जाळीच्या पडद्याची प्लॅस्टिक चढवलेली स्प्रिंगची तार हळूच फिरवत घाला आणि कपभर पाणी ओतून चाकापुढे पडतंय का ते वाकून बघा. पानगळ संपली की एकदा आणि वसंतात एकदा, दोन्ही बाजूंना.

एमएक्स-५ दहा लाखांच्या वर बनल्या त्या २०१६ सालीच, त्यामुळे पार्टची चणचण नाही. पन्हळ घेताना मात्र तयार भोकांची घ्या. स्वस्तातल्या काहींना भोकं स्वतः पाडावी लागतात आणि एक जरी चुकलं तरी तिथूनच गळती सुरू होते. आणि फिटरच्या कोटेशनमध्ये "रेन रेल नवीन" ही ओळ लिहून घेतल्याशिवाय त्याच्या हातात किल्ली देऊ नका.