शिसवी खुर्चीची काथ्या-सावरीची गादी: पावसाळा काढल्यानंतर

वेताच्या बैठकीची जुनी खुर्ची घरात असेल आणि तिला तिच्या काळाला शोभेल अशी गादी करायची असेल, तर कापडाच्या दुकानात सगळ्यात शेवटी जा. आत काय भरायचं आणि जाडी किती ठेवायची, हे आधी ठरवा. आमची गादी मे महिन्यात झाली. बेळगावजवळच्या खानापूरचा पाऊस, गणपती, दिवाळी सगळं तिच्यावरून गेलं, आणि ती रोज वापरात आहे.

खुर्ची आजेसासऱ्यांची. शिसवी, पुढे रुंद, मागे निमुळती. घरातल्या १९२८ सालच्या फोटोत ती दिसते, वर पातळ, ताठ गादी. पण फोटोपेक्षा खुर्चीनेच जास्त सांगितलं. मागच्या दोन्ही खांबांवर, बैठकीला लागून, पॉलिश झिजून बोटभर रुंदीचे पट्टे पडलेत. गादीचे बंद तिथेच बांधत असणार. पुढच्या पायांवर तशी खूण नाही, म्हणून मीही बंद फक्त मागे लावले. जुन्या वस्तूवर हात चालवायच्या आधी तिच्या अशा खुणा नीट बघाव्यात.

दुकानात पहिला सल्ला मिळतो फोमचा. रबरी फोम इंग्लंडात निघाला १९२९ च्या सुमारास, आणि आज मिळतो तो पॉलियुरेथेन फोम १९५० च्या दशकापासूनचा. म्हणजे आमच्या फोटोच्या काळात यातलं काहीच नव्हतं. पण प्रश्न नुसता सालाचा नाही. सुताराने बैठकीची उंची गुडघ्याच्या आणि खुर्चीच्या हातांची उंची कोपराच्या मापाने धरलेली असते. वर चार इंची फोम टाकला की कोपरं लोंबकळतात, पाय जमिनीला पुरत नाहीत, आणि चांगली खुर्ची अवघडल्यासारखी वाटायला लागते. शिवाय वेताला खालून-वरून हवा लागते. आमच्याकडच्या पावसात ती कोंडली की वेताला बुरशी धरते.

भरण कशाचं, यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी गाद्या भरणाऱ्या पिंजारी मामूंचं ऐकलं. ते म्हणाले, "नुसती सावरी घालू नका वैनी, चार दिवसांत पापड हुतोय. खाली काथ्या पाहिजेच की." त्याप्रमाणे गोणपाटाच्या पिशवीत काथ्याचा इंचभर थर, त्यावर सावरीचा कापूस, आणि सगळं मिळून मांजरपाटाच्या खोळीत. मग दाभणाने आरपार टाके. एकूण जाडी दोन इंच, बसल्यावर दीड.

हा सावरीचा कापूस काटेसावरीच्या झाडाचा. ती आमच्या भागात माळावर, ओढ्याकाठी दिसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल फुलते आणि पुढे उन्हाळ्यात शेंगा उकलतात. वळवाच्या आधी कापूस गोळा करावा लागतो, नाहीतर भिजून वाया जातो. सरक्या हाताने काढायच्या, दारं-खिडक्या लावून, कारण साध्या झुळकीनेही तो घरभर उडतो. या तंतूवर नैसर्गिक मेण असतं, त्यामुळे तो पाणी धरत नाही. याचा खरा फायदा जुलैत कळला. घरातल्या कापसाच्या गाद्या दमट, जड झाल्या होत्या, ही मात्र हलकी आणि कोरडी राहिली. तोच तंतू गुळगुळीत असल्याने एका जागी ठरत नाही, म्हणून टाके दाट हवेत. आणि तो झटकन पेट घेतो. समई, उदबत्ती, बिडी या गादीपासून लांबच ठेवा.

दोन उणिवा जाणवल्या. श्रावणापर्यंत पुढच्या कडेला काथ्याची टोकं मांजरपाटातून टोचायला लागली. आत जुन्या लुगड्याचा दुहेरी पट्टा शिवला, तेव्हापासून त्रास नाही. आणि पुढची कड, जिथे मांडीचा भार येतो, तिथे सावरी दबली. मागची शिवण कच्ची ठेवली होती, ती उसवून मूठभर भरली. ही भर वर्षातून एकदा लागेल असं धरून चाला.

वरच्या अभ्र्यासाठी बऱ्याच जणींनी खण सुचवला. हल्ली गुळेदगुड्डच्या खणाच्या उशा, पडदे सगळीकडे दिसतात, आणि दिसतात सुंदर. पण खण चोळीचा, ओटीत घालायचा. त्या काळच्या घरात त्यावर कोणी बसलं नसतं, आणि मलाही बसवणार नाही. मी खादी घेतली. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्यानंतर चार वर्षांनी काढलेल्या फोटोतल्या खुर्चीला जाडी लाल खादी शोभते. खादी बेळगावजवळच्या हुदली गावची. तिथे गांधीजी १९३७ मध्ये आले होते, आणि आजही सूतकताई चालते. शिवण्याआधी धुऊन वाळवा, आटते. चेन लावू नका, कापडी बंद पुरतात.

सासूबाई दुपारभर त्याच खुर्चीत असतात. त्यांचं म्हणणं, "आता उठताना हाताला धरायला कुणी लागत नाही." गादी ताठ असल्यामुळे शरीर रुतत नाही, हे म्हाताऱ्या माणसांसाठी फार मोलाचं आहे. ज्यांना सोफ्यात बुडून बसायची सवय आहे, त्यांना मात्र ही कडक वाटेल.

गादी उन्हात घालाल त्या दिवशी वेताकडेही बघा. सैल पडला असेल तर खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवा आणि सावलीत रात्रभर वाळू द्या. वेत वाळताना ताणला जातो. तुटलेला असेल तर गादीखाली झाकू नका, आधी विणून घ्या.

स्प्रिंगा घालून, वरून कापड ठोकलेली खुर्ची असेल तर यातलं काहीही तिला लागू नाही. तिची बैठक लाकडातच बांधलेली असते आणि ते काम जाणत्या कारागिराकडेच द्यावं.