नाजूक पोटाच्या कुत्र्याला घरचं द्यावं की औषधी खाद्य?

बहिणीच्या कुत्रीला तीन आठवडे जुलाब होतायत. तिची घालमेल बघवत नाही, म्हणून हे लिहितेय.

घरी शिजवलेलं आणि औषधी, म्हणजे आजारासाठी खास बनवलेलं तयार खाद्य, पचायला दोन्ही हलकी. उकडलेलं चिकन आणि मऊ भात रुसलेली कुत्रीही चाटूनपुसून खाते. पण महिनोन्महिने तेवढंच दिलं, तर कॅल्शियम आणि जस्त कमी पडतं. हाडाशिवायच्या मांसात कॅल्शियम जवळपास नसतंच. औषधी खाद्यात ते मोजून घातलेलं असतं. त्यातल्या हायड्रोलाइज्ड प्रकारात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात, की शरीर सहसा त्यांच्यावर बिथरत नाही. हे घरच्या पातेल्यात जमत नाही.

खर्च औषधीचा जास्त, खटाटोप घरच्याचा.

कोणतंही निवडा, ते मानवतं का हे बघायच्या काळात बिस्किटाचा एक तुकडाही नको, नाहीतर काय मानवलं ते कळतच नाही. जास्त काळासाठीचा बदलही 7 ते 10 दिवसांत हळूहळू करा.

दोन-तीन दिवसांच्या बिघाडाला घरचं पुरे. जुनाट त्रास किंवा ॲलर्जीची शंका असेल तर पशुवैद्यांना विचारून औषधी. स्वादुपिंडाला सूज असेल तर कमी चरबीचंच. आणि औषधी खाद्याला ती तोंडच लावत नसेल, तर प्राण्यांच्या आहारतज्ज्ञाकडून मापासकट कृती लिहून घेऊन घरी शिजवा.