हातात धरायचा वॉटर क्वालिटी मीटर: पावसानंतरच्या खाडीसाठी उत्तम, पीएचच्या दाव्यावर मात्र विसंबू नका

खाडीच्या तोंडाशी आम्ही काही जण वर्षभर पाणी मोजतो. त्यासाठी हा मीटर घेतला. तापमान, क्षारता (किलोभर पाण्यात किती ग्रॅम मीठ), विरघळलेला ऑक्सिजन आणि पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं पाणी आम्ल) असे चार सेन्सर एकाच प्रोबवर, म्हणजे पाण्यात सोडायच्या दांडीवर, सोबत दहा मीटरची केबल. घेणार असाल तर केबलमध्ये काटकसर करू नका. नुसतं वरचं पाणी मोजून निम्मी गोष्टही कळत नाही.

मुसळधार पाऊस होऊन गेल्यावर प्रोब सोडला, तेव्हा वर क्षारता 12 दिसत होती. दीड मीटरवर आकडा झरझर चढत 29 वर गेला. वर नदीचं हलकं गोडं पाणी, खाली समुद्राचं जड खारं. हे झाकण बसलं की वरचा ऑक्सिजन तळापर्यंत पोचत नाही. त्यात शेतांतून वाहून आलेल्या नत्र-स्फुरदावर सूक्ष्म शैवाल माजतं, मरून तळाशी कुजतं आणि उरलासुरला ऑक्सिजनही संपवतं. त्या दिवशी वर लिटरला 6.9 मिलिग्रॅम होता, तळाशी 1.7. दोनच्या खाली बहुतेक मासे तग धरत नाहीत. वरून पाणी अगदी नेहमीसारखं दिसत होतं.

ऑक्सिजनचा सेन्सर प्रकाशावर चालणारा आहे, त्यामुळे जुन्या पडद्याच्या प्रोबसारखा पाण्यात हलवत बसावा लागत नाही. शिवाय क्षारतेनुसार ऑक्सिजनच्या आकड्याची दुरुस्ती मीटर स्वतःच करतो. हे फार महत्त्वाचं, कारण 25 अंशांना गोड्या पाण्यात सुमारे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर समुद्राच्या पाण्यात जेमतेम 6.8. पाणी तापलं की ही जागा आणखी घटते: समुद्राच्या पाण्यात 20 अंशांना 7.4, तर 30 अंशांना 6.2. उष्णतेच्या लाटेत किनाऱ्याचं उथळ पाणी किती कमी ऑक्सिजनवर जगतं, ते इथे आकड्यांत दिसतं.

आता तक्रार. माहितीपत्रकात ‘समुद्राच्या आम्लीकरणावर लक्ष ठेवा’ असं ठळक छापलंय. आम्लीकरण म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून समुद्राचा पीएच हळूहळू उतरणं. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी पीएच 8.2 वरून 8.1 च्या आसपास उतरलाय, म्हणजे सगळा मिळून 0.1 चा फरक. त्याच पत्रकात पीएचची अचूकता लिहिलीय ±0.1! त्यातून शैवालामुळे उथळ पाण्याचा पीएच दिवसा चढतो, रात्री उतरतो, तो चढउतार याहून मोठा असू शकतो. शाळा-कॉलेजं असे दावे वाचून मीटर घेतात आणि मुलं चुकीचे निष्कर्ष काढतात, याचा मला मनापासून राग येतो. आम्लीकरणासाठी आम्ही नमुने बाटलीत भरून प्रयोगशाळेत देतो.

देखभाल सोपी आहे, पण रोजची आहे. काम झालं की प्रोब गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर त्यावर बुळबुळीत थर चढतो आणि ऑक्सिजनचे आकडे बिघडतात. पीएचचं टोक त्याच्या द्रावणातच ठेवा, डिस्टिल्ड पाण्यात कधीच नाही.

आणखी एक उणीव म्हणजे नोंदीत वेळ आणि खोली येते, पण भरती-ओहोटीसाठी रकानाच नाही. खाडीत ओहोटीचा आकडा भरतीच्या आकड्याशेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही, आणि पाणी वर्षागणिक तापतंय का हे बघायचं तर भरतीची तीच वेळ गाठून मोजावं लागतं. ती नोंद आम्ही वहीत करतो. पुढच्या मॉडेलमध्ये एवढा एक रकाना तरी द्यावा.