दुसऱ्याने बसवलेल्या फ्रीपीबीएक्सचा चार्ज घेताना

भोसरी एमआयडीसीतील आमच्या कारखान्याच्या कार्यालयात ४२ एक्स्टेन्शनची फ्रीपीबीएक्स ही टेलिफोन यंत्रणा आहे. ती बसवणारे सहकारी नोकरी सोडून गेले आणि तिचा चार्ज माझ्याकडे आला, तोही चार ओळींच्या ई-मेलवर. पहिल्या ओळीत ॲडमिनचा पासवर्ड होता, दुसरीत सर्व्हरच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते, तिसरीत लाइनचे बिल कोणत्या तारखेला येते ते, आणि चौथीत ‘बाकी सगळे सिस्टिममध्ये दिसेलच’ एवढेच. नवी यंत्रणा विकत घेणाऱ्याला उपयोगी पडेल असे परीक्षण लिहिण्याचा माझा इरादा नाही. ही चौथी ओळ कितपत खरी ठरली, एवढ्याच निकषावर मी हे उत्पादन तपासले आहे.

नाव नवीन असलेल्यांसाठी थोडी ओळख. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये लिहायला घेतलेले ॲस्टेरिस्क हे मुक्त सॉफ्टवेअर साध्या संगणकाचे ईपीएबीएक्स, म्हणजे कार्यालयाचे अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज, करते, आणि फ्रीपीबीएक्स हा त्यावर चढवलेला, ब्राउझरमधून चालवायचा दर्शनी भाग आहे. २०१५ पासून तो संगोमा या कॅनडातील कंपनीकडे असून २०१८ मध्ये त्याच कंपनीने स्पेन्सर यांची डिजियम ही मूळ कंपनीही विकत घेतली. मूळ सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. एकाच जागेवरून सगळे फोनसंच सज्ज करण्यासारख्या काही सोयींची मोड्यूल मात्र विकत घ्यावी लागतात, आणि ती न घेतल्यास प्रत्येक संचाचे पान स्वतंत्रपणे उघडून भरत बसावे लागते. आम्ही ती घेतलेली नाहीत.

जमेची बाजू आधी सांगतो. बाहेरून आलेला फोन कोणत्या वाटेने कुठे पोहोचतो, हे या यंत्रणेत खरोखरच वाचता येते. इनबाउंड रूट (आत येणाऱ्या फोनचा नियम) उघडला की तो टाइम कंडिशनकडे (वेळ पाहून वाट ठरवणाऱ्या नियमाकडे) बोट दाखवतो, टाइम कंडिशन आयव्हीआरकडे (‘अमुक विभागासाठी एक दाबा’ असे सांगणाऱ्या ध्वनिमुद्रित आवाजाकडे), आयव्हीआर रिंग ग्रुपकडे (एकत्र वाजणाऱ्या फोनांच्या गटाकडे) आणि शेवटी कोणीच उचलले नाही तर व्हॉइसमेलच्या पेटीकडे. उलट दिशेनेही माग काढता येतो: एखादा रिंग ग्रुप उघडला असता तो आणखी कोठून वापरला जात आहे, याची नोंद त्याच पानावर दिसते, आणि कोठेच न पोहोचणाऱ्या वाटा राहिल्या असतील तर डॅशबोर्ड तशी सूचना देतो. काहीही काढून टाकण्यापूर्वी चार ठिकाणी पाहणे चार्ज घेणाऱ्याला भागच असते. ते काम यामुळे निम्म्यावर येते.

याचा पहिला लाभ दुसऱ्याच दिवशी झाला. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि रविवारी कामकाज नेहमीप्रमाणे चालते, हे येथे काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही. टाइम कंडिशन ज्यावरून वेळ पाहते त्या आमच्या टाइम ग्रुपमध्ये मात्र सोमवार ते शनिवार हे कामाचे दिवस म्हणून भरलेले होते. परिणामी दर रविवारी आम्ही सगळे जागेवर बसलेलो असताना ग्राहकांना ‘कार्यालय बंद आहे’ असे ऐकू येत होते, आणि दर गुरुवारी रिकाम्या कार्यालयात रिसेप्शनचा फोन वाजून वाजून थांबत होता. ‘तुमचा फोन रविवारी लागतच नाही’ ही ग्राहकांची तक्रार आमच्याकडे जुनी होती आणि तिचे खापर आजवर लाइनवर फुटत होते. शोधायला दहा मिनिटे लागली, दुरुस्तीला दोन, आणि केलेला बदल लागू करणारे वरचे लाल ‘अप्लाय कॉन्फिग’ बटण दाबायचे विसरल्यामुळे आणखी एक रविवार गेला, तो दोष सर्वस्वी माझा.

बाहेर जाणाऱ्या फोनचे नियमही असेच वाचता आले. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे देशभर बंधनकारक झाले. आमच्या आउटबाउंड रूटमध्ये ६ ते ९ ने सुरू होणाऱ्या दहा आकड्यांच्या आधी शून्य आपोआप जोडण्याची सोय त्यासाठीच करून ठेवलेली होती. ‘न्यू टू फायनल’ अशा नावाखाली ती दडलेली असली तरी नमुना पाहताच हेतू उलगडला आणि जुन्या सहकाऱ्यांना मी मनातल्या मनात धन्यवाद दिले. पुढच्याच क्षणी लक्षात आले की परवानगी असलेल्या नमुन्यांमध्ये ११२, १०१ आणि १०८ यांपैकी एकही क्रमांक नाही. म्हणजे यंत्रे चालणाऱ्या शेडमधल्या भिंतीवरच्या फोनवरून अग्निशमन दल किंवा रुग्णवाहिका बोलावताच आली नसती. इतकी वर्षे तशी वेळ आली नाही, हे नशीबच म्हणायचे. जो कोणी अशी यंत्रणा हाती घेईल त्याने बाकी सगळे बाजूला ठेवून आधी हा रूट उघडावा.

‘दिसेलच’ हे विधान खोटे ठरते ती जागा वेगळी आहे. फ्रीपीबीएक्स स्वतः तयार करत असलेल्या फायलींना हात लावू नये, अशी सूचना त्या फायलींच्या माथ्यावरच असते. पदरचे काही घालायचे असेल तर नावात ‘कस्टम’ असलेल्या वेगळ्या फायली राखून ठेवलेल्या आहेत, आणि त्यांतील मजकूर पडद्यावरच्या कोणत्याही इनबाउंड रूटच्या आधी लागू करता येतो. सोय उत्तम आहे, पण दर्शनी भागात तिचा मागमूस नसतो. आमच्या एका थेट क्रमांकावर रात्री आठनंतर आलेले फोन रूटमध्ये लिहिलेल्या पेटीत पडतच नव्हते. मी त्या रूटकडे दोन संध्याकाळ नुसता पाहत बसलो. अखेर सर्व्हरवर थेट लॉगइन करून ती फाइल उघडली, तेव्हा तीन ओळी सापडल्या. आठनंतरचा प्रत्येक फोन त्या एका खासगी मोबाइलकडे वळवत होत्या. तो मोबाइल आमच्या माजी वर्क्स मॅनेजरांचा निघाला. निवृत्तीनंतरही ते आमच्या ग्राहकांना सौजन्याने ‘उद्या सकाळी करा’ असे सांगत होते. अशा ओळी कोठेतरी आहेत एवढी खूण तरी पडद्यावर दिसायला हवी होती, असे माझे मत आहे.

आता व्हॉइसमेल. खरे काम येथेच होते.

मराठी माणूस यंत्राशी बोलायला राजी नसतो. फोन उचलला नाही तर तो मिस्ड कॉल म्हणून सोडून देतो आणि व्हॉट्सॲपवर लिहितो. त्यातून ॲस्टेरिस्कचा मूळ आवाज ॲलिसन स्मिथ यांचा, स्वच्छ अमेरिकी वळणाच्या इंग्रजीतला. पेट्यांमधले निरोप ऐकत गेलो तेव्हा बहुतेक पाच-सहा सेकंदांचे निघाले: आधी शेडमधला किंवा रस्त्यावरचा आवाज, मग ‘हॅलो... हॅलो...’, आणि मग शेजारच्याला उद्देशून ‘अरे, कोणीतरी बाई इंग्लिशमधून बोलतेय, ठेव’. खरेदी विभागाची पेटी अशाच निरोपांनी शंभरावर जाऊन भरलेली होती. एका कप्प्यात शंभर निरोप ही मूळ मर्यादा असते आणि ती गाठल्यावर पुढच्या माणसाला पेटी भरल्याचे सांगून फोन तुटतो. त्यामुळे खरोखर काही सांगू पाहणाऱ्या पुरवठादारांनाच दार बंद झाले होते. व्हॉइसमेलच्या सर्वसाधारण सेटिंगमध्ये निरोपाची किमान लांबी ठरवता येते. ती मी सहा सेकंद केली आणि ‘हॅलो हॅलो’ची गर्दी एका झटक्यात ओसरली.

स्वागताचे शब्द मराठीत करणे मला वाटले होते त्याहून सोपे गेले. आपल्या फोनवरून स्टार ९७ लावायचा, पासवर्ड द्यायचा, मग शून्य आणि एक दाबून निरोप बोलायचा. रिसेप्शनच्या ताईंनी स्वतःच्या पेटीसाठी तो पहिल्या प्रयत्नात नीट बोलला, आणि मुख्य क्रमांकासाठीचाही त्यांच्याच आवाजात घेतला. ‘नमस्कार, आत्ता आम्ही फोन घेऊ शकत नाही, आवाज आल्यावर आपले नाव आणि काम सांगा’ एवढेच शब्द. लोक त्यानंतर बोलू लागले.

यंत्रणेचे बाकीचे बोलणे मराठीत आणण्याचा बेत मात्र मी सोडून दिला. ॲस्टेरिस्कसोबत येणाऱ्या ध्वनिसंचांत मराठी नाही, आणि तो स्वतः तयार करू म्हटले तर आकडे आडवे येतात. इंग्रजीत ‘थर्टी’ आणि ‘टू’ असे दोन तुकडे जोडले की बत्तीस होतात, म्हणून शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत २८ तुकडे पुरतात. आपल्याकडे बत्तीस म्हणजे बत्तीसच. तीस आणि दोन जोडून ते होत नाहीत. शंभरच्या शंभर आकडे वेगळे ध्वनिमुद्रित करावे लागतील आणि यंत्रणेची वाक्यजुळणीही बदलावी लागेल. कोणा हौशी मंडळींनी हे काम उचलले तर मी एक्काहत्तर ते ऐंशी हे आकडे बोलून द्यायला तयार आहे.

निरोप ई-मेलवर पाठवण्याची सोय हीच आमच्यासारख्या कार्यालयात व्हॉइसमेल जगवणारी गोष्ट आहे, आणि तिच्यातच एक खड्डाही आहे. प्रत्येक पेटीला दोन स्वतंत्र पर्याय असतात: ध्वनिफीत मेलला जोडायची की नाही, आणि मेल गेल्यावर निरोप पेटीतून पुसायचा की नाही. पहिला नकारार्थी आणि दुसरा होकारार्थी ठेवला तर निरोप कोठेच उरत नाही. पर्यायाशेजारच्या मदतीत हा इशारा स्पष्ट दिलेला आहे, पण तो वाचतो कोण? आमच्या विक्री विभागाच्या चार पेट्या नेमक्या अशाच ठेवलेल्या होत्या: ‘आपल्याला नवा निरोप आला आहे’ असा मेल यायचा आणि निरोप नाहीसा झालेला असायचा. विक्री विभागाने व्हॉइसमेलवरचा विश्वास कधीच सोडला होता आणि तो का सोडला हे मला त्या दिवशी समजले. मेलबॉक्स भरू नये म्हणून जोडणी बंद केली असावी, असा माझा तर्क आहे, कारण साध्या वेव्ह प्रकारातला एक मिनिटाचा निरोप जवळजवळ एक एमबीचा होतो. फायलीचा प्रकार बदलून जीएसएमवर आधारित वेव्ह निवडला की तोच निरोप साधारण १०० केबीत बसतो, आणि बोलणे समजण्यात काही अडचण येत नाही.

सुरक्षेविषयी फार लिहीत नाही. ४२ पैकी २९ पेट्यांचा पासवर्ड म्हणजे एक्स्टेन्शनचाच क्रमांक होता, आणि गेलेल्या सहकाऱ्यांच्या मोबाइलवरचा सॉफ्टफोन (एक्स्टेन्शनसारखे चालणारे ॲप) अजून आमच्या सर्व्हरवर नोंदलेला होता. फायरवॉल आणि चुकीचे पासवर्ड वारंवार देणाऱ्यांना अडवणारी फेलटूबॅन ही व्यवस्था सोबतच मिळते. दोन्ही चालू करणे एका दुपारचे काम आहे.

यंत्रणा नव्या आवृत्तीवर नेणे हे पुढचे संकट. आमची जुनी आवृत्ती सेंटओएस ७ या लिनक्सच्या प्रकारावर उभी होती आणि त्याला सुधारणा मिळणे ३० जून २०२४ रोजी संपले. फ्रीपीबीएक्स १७ डेबियन १२ या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारावर चालते, त्यामुळे आहे त्याच जागी बढती मिळत नाही. बॅकअप घेऊन नव्या यंत्रावर उतरवावे लागते. शिवाय ॲस्टेरिस्क २१ पासून फोनसंच सर्व्हरशी जोडणारा जुना एसआयपी ड्रायव्हर वगळला गेल्याने आमची सगळी एक्स्टेन्शन आधी पीजेएसआयपी या नव्या ड्रायव्हरवर न्यावी लागली. त्यासाठी प्रत्येक एक्स्टेन्शनच्या पानावर बटण आहे आणि ते काम करते. ४२ वेळा दाबताना कंटाळा येतो, एवढेच.

गुण द्यायचे तर मी पाचपैकी साडेतीन देईन. ज्या कार्यालयात लिनक्सची भीती नसलेला एक तरी माणूस आहे, त्यांनी ही यंत्रणा निःशंकपणे स्वीकारावी. जेथे तसा माणूस नाही, तेथे वार्षिक देखभालीचा करार असलेले साधे ईपीएबीएक्स परवडेल. फोन कोठे जातो हे फ्रीपीबीएक्स बऱ्यापैकी सांगते, तो तेथे का जातो हे लिहून ठेवण्याची सक्ती ते कोणावर करत नाही, आणि एक प्रश्न तर मला अजून सुटलेला नाही. एक्स्टेन्शन १४७ यादीत हिरवे दिसते. स्थानिक आयपी पत्ता दिसतो, संच नोंदलेला आहे, लावले की रिंग जाते. दोन सुट्टीच्या गुरुवारी, कार्यालय रिकामे असताना, मी एका मजल्यावर आणि रखवालदार दुसऱ्या मजल्यावर असे कान देऊन उभे राहिलो. कोठेच काही वाजले नाही, आणि चाळीस सेकंदांनी पलीकडून ॲलिसनबाईंनी निरोप ठेवायला सांगितले.