पीआर इंटर्नशिप, आधी डिपॉझिट भरा

सोलापुरात बसून पुण्या-मुंबईच्या पीआर, म्हणजे जनसंपर्काच्या, एजन्सीत इंटर्नशिप शोधताय? मग हे वाचा. मास कॉमची मुलं ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर असतात, तिथूनच मला जाहिरात आली होती: घरून काम, पीआर इंटर्न, स्टायपेंड ८,००० रुपये.

मुलाखत फोनवर झाली आणि चटकन आटोपली. बाई बोलायला एकदम गोड. लॅपटॉप आहे का, इन्स्टावर फॉलोअर किती, वडील काय करतात, घरी कमावणारे किती, असे प्रश्न. कॉलेजच्या कार्यक्रमांच्या बातम्या मी लिहिते, काही पेपरात छापूनही आल्यात, असं सांगितलं तर "हो हो, छान" म्हणून पुढचा प्रश्न. अहो, पीआरमध्ये इंटर्नच्या वाट्याला येतं काय? प्रेसनोट लिहायची, बातमीदारांची यादी सांभाळायची, फोन करायचे, सकाळी कात्रणं काढायची. एक परिच्छेदही लिहून न घेता इंटर्न ठेवणं म्हणजे भाकरी थापून न बघता कडक भाकरीच्या कारखान्यात बाई कामाला लावण्यासारखंच. पण वडिलांच्या पगाराची चौकशी मात्र नीट झाली.

संध्याकाळी ऑफर लेटर आलं. लोगो, गोल शिक्का, खाली सही, सगळं झकास. सोबत निरोप: ३,५०० रुपये सिक्युरिटी डिपॉझिट, नंतर परत मिळेल. ते भरल्यावर "मीडिया किट आणि ओळखपत्र" म्हणून आणखी १,८००. यूपीआयवर कंपनीचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं होतं. विचारलं तर "अकाउंट्सवाले सर आहेत ते."

मग कामाला सुरुवात. काम काय, तर त्यांचंच पोस्टर रोज स्टेटसला लावायचं आणि कधी न पाहिलेल्या दवाखान्यांना गूगलवर पाच स्टार द्यायचे. शिवाय कॉलेजातली पाच मुलं आणली की तुमचं डिपॉझिट परत. म्हणजे माझे पैसे मला मैत्रिणींच्या खिशातून मिळणार! मी कुणालाच आणलं नाही. महिना भरल्यावर स्टायपेंड विचारला, तर "टार्गेट पूर्ण नाही" असं उत्तर आलं आणि रात्रीत ग्रुपमधून काढून टाकलं.

नंतर ते लेटर घेऊन बसले. पत्ता पुण्यातल्या बाणेरचा, पण जीएसटी नंबरची सुरुवात ०७ ने. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचा २७, दिल्लीचा ०७. जीएसटीच्या सरकारी साइटवर लॉगिन न करताही नंबर तपासता येतो. तपासला, तर तो एका रेडिमेड कपड्यांच्या व्यापाऱ्याचा निघाला. त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नसेल. कंपनी "प्रायव्हेट लिमिटेड" म्हणवत असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवरही नाव शोधा.

पैसे घेणारी इंटर्नशिप सरळ सोडून द्यायची, असं माझं मत आहे. २०२४ ला केंद्राची पीएम इंटर्नशिप योजना आली, तिच्यातसुद्धा उमेदवाराकडून काही न घेता उलट महिना ५,००० रुपये द्यायचं ठरलं.

खरी वाट जरा कंटाळवाणी आहे. आपल्या सोलापुरात टॉवेल-चादरीचे कारखानदार आहेत, हॉस्पिटलं आहेत, गड्ड्याच्या यात्रेत राबणारी मंडळं आहेत. यातल्या बहुतेकांकडे बातमी लिहून द्यायला माणूस नसतो. एखाद्या रक्तदान शिबिराची प्रेसनोट लिहून द्या. काय, कुठे, कधी, कुणी हे पहिल्याच परिच्छेदात. फोटोखाली नावं डावीकडून. पेपरच्या ऑफिसात दुपारीच पोचवा, रात्री पानं लागताना तुमचं कोण ऐकणार? छापून आलं की कात्रण ठेवा. अशी चार-पाच कात्रणं आणि मूळ मजकूर जोडून एजन्सीला मेल करा. तोही एजन्सीच्या स्वतःच्या साइटवर दिलेल्या पत्त्यावर, ग्रुपवर आलेल्या जीमेलवर नको. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत लिहिता येतं हे पहिल्याच ओळीत सांगा. नवी पेठेतल्या जाहिरात एजन्सीवाल्यांनाही विचारून बघा, तिथे निदान समोर बसून बोलता येतं.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० वर फोन लावा. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवरही तक्रार करता येते. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यातले पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. माझी तक्रार गेली तोवर बरेच दिवस उलटले होते. थोडी रक्कम एका खात्यात अडकवून ठेवलीय, हातात अजून काही आलेलं नाही. फोन करताना यूपीआयचा बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, समोर ठेवा, तो विचारतातच. आणि ग्रुपमधून काढायच्या आत सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. मला अर्धेच मिळाले.