आठ महिन्यांच्या वापरानंतर : पोहण्याचे दोन पोशाख, लिननचा सदरा, गवती टोपी आणि गॉगल

गेले आठ महिने मी आठवड्यातून दोनदा पोहत आले आहे, एकदा जलतरण तलावात आणि एकदा समुद्रात. त्यासाठी सुरुवातीलाच घेतलेल्या वस्तूंविषयी आता खात्रीने लिहिता येईल असे वाटते. अनुभवाअंती माझे मत असे झाले आहे की या वस्तू उन्हात आणि पाण्यात जेवढ्या खराब होतात, त्याहून अधिक त्या परतल्यानंतरच्या तासा-दोन तासांत, ओल्या पिशवीत पडून राहिल्याने खराब होतात.

पहिला पोशाख नायलॉन आणि इलास्टेन यांच्या मिश्रणाचा आहे. तो अंगाला अतिशय छान बसतो आणि पहिले तीन महिने त्यात कोणताही दोष जाणवला नाही. चौथ्या महिन्यात मात्र बैठकीकडचे कापड सैल पडू लागले. ते उजेडात धरून ताणले, तेव्हा विणीतून केसांपेक्षाही बारीक, पांढरट आणि तुटके धागे वर आलेले दिसले. ते इलास्टेनचे धागे होते. तलावातील क्लोरीन या रबरासारख्या धाग्याची ताकद हळूहळू कमी करते आणि उष्णतेने ही झीज वाढते. मी तर ओला पोशाख प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तापलेल्या गाडीत ठेवत होते, म्हणजे दोन्ही गोष्टी एकदमच घडत होत्या.

दुसरा पोशाख पॉलिस्टर आणि पीबीटी यांचा आहे. पीबीटी हा पॉलिस्टरच्याच कुळातला धागा असून तो इलास्टेनशिवायही बऱ्यापैकी ताणला जातो आणि क्लोरीनपुढे कितीतरी अधिक टिकतो. हे कापड अंगाला थोडे ताठ लागते, हे मान्य करावे लागेल. परंतु आठ महिन्यांनंतरही त्याचा आकार आणि रंग जवळजवळ पहिल्यासारखाच आहे. तलावात नियमित पोहणाऱ्यांनी हाच प्रकार घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

दोन्ही पोशाखांसाठी आता माझी पद्धत ठरून गेली आहे. पाण्यात उतरण्याआधी पोशाख साध्या पाण्याने पूर्ण भिजवायचा, म्हणजे तो क्लोरीनचे पाणी कमी शोषतो. बाहेर आल्याबरोबर गार गोड्या पाण्यात विसळायचा. आणि पिळण्याऐवजी टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा. तो खांद्याच्या पट्ट्यांवर टांगू नये, कारण पाण्याच्या वजनाने पट्ट्या ओढल्या जातात. समुद्रावरून आल्यावर मी कपडे दोन पाण्यांतून काढते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; ते कापडात तसेच वाळले, तर हवेतला दमटपणा ओढून घेतात आणि वाळलेला कपडासुद्धा हाताला ओलसर, चिकट लागतो.

सर्वांत जास्त शिकवले ते पांढऱ्या सदऱ्याने. लिनन ओले असताना कोरड्यापेक्षा मजबूत असते, त्यामुळे धुण्याची फारशी भीती नव्हती. तिसऱ्या महिन्यात कॉलरच्या आतल्या बाजूला पिवळट डाग दिसला आणि मी घामाचा डाग समजून त्यावर क्लोरीनचे ब्लीच लावले. पाहता पाहता तो गंजासारखा नारिंगी झाला. मूळ कारण घाम नव्हते, सनस्क्रीन होते. अनेक सनस्क्रीनमध्ये ॲव्होबेन्झोन नावाचा घटक असतो. पाण्यातील लोहाशी त्याचा संयोग झाला की असे गंजासारखे डाग पडतात आणि ब्लीचने ते अधिकच गडद होतात. सदरा अनेक पाण्यांतून काढून ब्लीचचा अंशही उरला नाही याची खात्री केल्यानंतरच मी त्या जागी सायट्रिक ॲसिडचे सौम्य द्रावण लावले. ही खबरदारी अत्यावश्यक आहे, कारण ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. तीन वेळा असे केल्यावर डाग बराच फिकट झाला, तरी शिवणीलगतची एक बारीक रेघ अजून दिसते. आता सनस्क्रीन अंगात मुरेपर्यंत मी सदरा घालत नाही आणि तेलकट भाग धुण्याआधी भांडी घासण्याच्या द्रवसाबणाने हलक्या हाताने चोळून घेते.

पूर्वी मी हाच सदरा घालून पाण्यात उतरत असे. पातळ, पांढरे कापड भिजले की त्यातून अतिनील किरण अधिक शिरतात, हे समजल्यावर लांब बाह्यांचा, यूपीएफ ५० असलेला पोहण्याचा सदरा घेतला. यूपीएफ ५० म्हणजे या किरणांचा केवळ पन्नासावा भाग, अर्थात २ टक्के, कापडापार जातो. तो जुना होऊन ताणला गेला की हे संरक्षण कमी होते, म्हणून त्यालाही मी पोशाखाइतकेच जपते.

गवती टोपी एकदा भिजल्यावर खुंटीला अडकवली आणि तिची कड एका बाजूला कायमची झुकली. वाफेवर धरून गवत मऊ केले, टोपीच्या पोटात कागद कोंबला आणि सपाट जागी रात्रभर ठेवली, तेव्हा कड बरीचशी सरळ झाली. गॉगलबाबत एकच सांगायचे आहे: त्यावरची वाळू कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये. वाळूतील गारगोटीचे कण प्लॅस्टिकच्या काचेपेक्षा खूप कठीण असतात. माझ्या उजव्या काचेवरची, नेमकी नजरेसमोर येणारी ती अर्धवर्तुळाकार रेघ अशाच एका पुसण्यातून आली आहे. आता आधी पाण्याची धार आणि मगच फडके.