लढाऊ वैमानिक व्हायचंय: हवाई दल की नौदल?

मुंबईच्या मुलांना नौदल आधी भेटतं. गेटवेवरून दिसणाऱ्या करड्या युद्धनौका, लायन गेटबाहेरचं विक्रांतचं स्मारक, नेव्हीनगरात राहणारा वर्गमित्र. हवाई दल क्वचितच दिसतं. जानेवारी 2024 मध्ये मरीन ड्राइव्हवर कसरती झाल्या तेव्हा दिसलं तेवढंच. त्यामुळे ‘नेव्हीत जाऊन फायटर उडवणार’ असं म्हणणारी बारावीची मुलं इथे बरीच भेटतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. लढाऊ विमानच हवं असेल, दुसरं काही नको, तर हवाई दल. समुद्राचं वेड असेल आणि फायटरऐवजी हेलिकॉप्टर हाती आलं तरी गणवेशात सुखी राहाल, तरच नौदल.

याचं कारण साधं गणित आहे. मिग-21 ला 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडमध्ये निरोप दिल्यावर हवाई दलाकडे लढाऊ विमानांच्या 29 तुकड्या (एका तुकडीत साधारण 16 ते 18 विमानं) उरल्या. मंजूर संख्या 42, म्हणजे हवाई दलालाही टंचाई आहेच. पण नौदलाने विमानवाहू नौकेवरून उडणारी मिग-29के घेतली तीच मुळात 45, आणि त्यातली 2019 ते 2022 या काळात चार कोसळली. 2016 च्या कॅगच्या अहवालात तर उड्डाणासाठी तयार असलेल्या मिग-29केचं प्रमाण 16 ते 38 टक्क्यांच्या आसपास नोंदवलं होतं. विमान हँगरमध्ये उभं असलं की वैमानिकाचे उड्डाणाचे तास कमी होतात, आणि या पेशात तास हीच कमाई. एप्रिल 2025 मध्ये 26 राफेल-एमचा (राफेलची नौदलासाठीची आवृत्ती) करार झाला, त्यामुळे आज अकरावी-बारावीत असलेल्यांच्या वाट्याला चांगले दिवस येऊ शकतात. तरीही 26 म्हणजे 26च. नौदलातले बहुतेक वैमानिक हेलिकॉप्टर किंवा डॉर्नियर, पी-8आय ही टेहळणी विमानं उडवतात.

हवाई दलातही सगळ्यांना फायटर मिळत नाही, हे घरच्यांनी लक्षात घ्यावं. प्रशिक्षणातल्या कामगिरीवर आणि जागांवर फायटर, वाहतूक विमान की हेलिकॉप्टर ते ठरतं. फरक इतकाच की तिथे फायटरच्या खुर्च्या कितीतरी जास्त.

आता नौदलाची बाजू. विमानवाहू नौकेवर उतरणं हे वेगळंच प्रकरण आहे. वायुतळावरची धावपट्टी अडीच-तीन किलोमीटरची. नवी विक्रांत अख्खी 262 मीटर, आणि उतरण्याची पट्टी त्याहून लहान. शिवाय ती पुढे सरकत असते, लाटांवर हलत असते. शेपटीखालचा हुक डेकवरच्या आडव्या तारेत अडकवायचा. चाकं टेकताच इंजिन कमी करायचं नाही, पूर्ण ताकदीवर न्यायचं. कारण तार हुकली तर लगेच पुन्हा हवेत जावं लागतं. हे जमलेले वैमानिक देशात मोजकेच, आणि त्या गोष्टीची ओढ मला पूर्ण कळते.

इतिहासाचं म्हणाल तर 1971 मध्ये दोघांनीही गाजवलं. जुन्या विक्रांतवरच्या सी हॉक विमानांनी 4 डिसेंबरपासून कॉक्स बाजार आणि चितगावला झोडपलं. ती सी हॉकची ‘व्हाइट टायगर्स’ तुकडी (आयएनएएस 300) पुढे सी हॅरियरवर गेली आणि आज गोव्यात मिग-29के उडवते. 14 डिसेंबरला हवाई दलाच्या मिग-21 विमानांनी ढाक्यातल्या गव्हर्नर हाउसवर हल्ला केला. त्याच दिवशी श्रीनगरवर नॅट या छोट्या लढाऊ विमानातून लढताना निर्मलजित सिंग सेखों शहीद झाले. हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. त्यानंतर मात्र लढाऊ विमानांतून मारा करण्याची वेळ हवाई दलावरच आली: 1999 ला कारगिल, 2019 ला बालाकोट, 2025 ला ऑपरेशन सिंदूर.

राहायचं कुठे? नौदल म्हणजे कुलाब्यात क्वार्टर, हा मुंबईकर पालकांचा आवडता गैरसमज. कुलाब्याच्या आयएनएस शिक्रावर हेलिकॉप्टरं आहेत. नौदलाची फायटर गोव्याच्या आयएनएस हंसावर, आणि फायटर वैमानिकांचं हॉक या प्रशिक्षण विमानावरचं शिक्षण विशाखापट्टणमला. हवाई दलात मुंबईच्या सगळ्यात जवळ पुण्याचं लोहगाव, जिथे सुखोई आहेत. पण पोस्टिंग अंबाला, हासिमारा, कुठेही होऊ शकतं.

वाटही वेगळी आहे. 2025 च्या पहिल्या एनडीए (खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) परीक्षेत हवाई दलाच्या फ्लाइंगसाठी 92 जागा होत्या, एनडीएतून नौदलात जाणाऱ्यांच्या सगळ्या मिळून 42. एनडीएतून हवाई दलाच्या फ्लाइंगला गेलात तर खडकवासल्यानंतर थेट हैदराबादजवळच्या दुंडिगलला वैमानिकाचं शिक्षण सुरू. नौदलात आधी जहाजावरचा अधिकारी व्हायचं, विमानाचं नंतर. पदवीनंतर जायचं असेल तर हवाई दलाच्या एएफकॅट या प्रवेश परीक्षेला कुठलीही पदवी चालते, बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र मात्र हवंच. नौदलाच्या शॉर्ट सर्व्हिस (ठरावीक वर्षांच्या नोकरीच्या) पायलटसाठी इंजिनिअरिंगची पदवी मागतात.

मुलींना दोन्ही दारं उघडी आहेत. हवाई दलात फायटर वैमानिक मुली 2016 पासून आहेत, तर नौदलाच्या फायटर शाखेत पहिली मुलगी, आस्था पुनिया, जुलै 2025 मध्ये आली. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी मे 2025 मध्ये बाहेर पडली.

क्लासची फी भरण्याआधी दोन कामं करा. एक, डोळ्यांची तपासणी, रंग ओळखण्याच्या चाचणीसकट, आणि उंची मोजून घ्या; फ्लाइंगला किमान 162.5 सेंटिमीटर लागते, शिवाय बसलेली उंची आणि पायांची लांबीही कॉकपिटच्या मापात बसावी लागते. दुसरं, वैमानिक निवडीची सीपीएसएस चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालात तर फ्लाइंगचा रस्ता बंद, त्यामुळे ‘बघू तरी कसं असतं’ म्हणून तिथे जाऊ नका. एनडीएच्या फॉर्ममध्ये सेनादलांचा पसंतीक्रम भरताना मित्राने काय भरलंय ते विचारू नका; तिथे पहिल्या क्रमांकावर काय लिहिता त्यावर पुढचं बरंच काही ठरतं.